बी.कॉम. विरुद्ध बीबीए : माझ्याच पहिल्या आराखड्याची चिरफाड

वाणिज्य किंवा व्यवस्थापनातून संशोधनाकडे वळणाऱ्या कुणालाही 'विषय काय घेणार?' म्हणून विचारून बघा. फार वेळा उत्तर एकाच साच्यातलं येतं : 'अमुक शहरातील बी.कॉम. आणि बीबीए विद्यार्थ्यांच्या तमुकचा तुलनात्मक अभ्यास'. तमुकच्या जागी रोजगारक्षमता, आर्थिक साक्षरता, उद्योजकता, गुंतवणुकीबद्दलची जाणीव, काहीही बसतं. हे मी वरच्या पायरीवर उभी राहून बोलत नाहीये. माझा स्वतःचा पहिला आराखडा याच जातीचा होता. 'पुणे शहरातील बी.कॉम. व बीबीए पदवीधरांच्या रोजगारक्षमतेचा तुलनात्मक अभ्यास'. नमुना दोनशे, साधन प्रश्नावली, कसोटी काय-स्क्वेअर. चौदा पानं. शेवटची चार पानं संदर्भसूचीची, त्यातले निम्मे संदर्भ मी नीट वाचलेले नव्हते.

आज तोच आराखडा समीक्षेला घेतेय. दुसऱ्या कुणाच्या प्रबंधाची सालटी काढण्यापेक्षा हे बरं. आणि त्यातल्या चुका इतक्या सर्वसाधारण आहेत की तुमच्या फाइलमध्येही त्यातल्या दोन-तीन निघतील, अशी मला जवळपास खात्री आहे.

आरआरसीपुढे सादरीकरण झालं तेव्हा मी आठवी स्लाइड दाखवत होते. समितीतल्या एका मॅडमनी थांबवून विचारलं, "बीबीए म्हणजे काय?" मी म्हटलं, "बॅचलर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन." त्या म्हणाल्या, "ते मला माहितेय. तुमच्या अभ्यासात बीबीए म्हणजे काय?" मला प्रश्नच कळला नाही. 'तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम' असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आराखडा 'सुधारून आणा' म्हणून परत आला. मी आठवडाभर चिडचिड केली. प्रश्न केवढा मोठा होता ते समजायला मला त्यानंतर काही महिने लागले.

तर आधी नावांचंच घेऊ.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत तुम्हाला बी.कॉम. दिसतं, बीबीए दिसतं, बीबीए (आयबी) दिसतं आणि बीबीए (सीए) दिसतं. यातल्या शेवटच्यावर बाहेरगावचा माणूस हमखास घसरतो. इथला 'सीए' म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे, कम्प्युटर ॲप्लिकेशन. वाणिज्य शाखेखालचा जुना बीसीए हा अभ्यासक्रम पुढे या नावाने चालू लागला. त्यात प्रोग्रॅमिंग आहे, डेटाबेस आहे. माझ्या प्रश्नावलीत पर्याय फक्त दोन होते, बी.कॉम. आणि बीबीए. म्हणजे जावा शिकलेला मुलगा आणि मानव संसाधन व्यवस्थापन हा विशेष विषय घेतलेली मुलगी, दोघंही माझ्याकडे 'बीबीए' म्हणून एकाच गठ्ठ्यात जाणार होते. मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत लागला की श्रेय व्यवस्थापन शिक्षणाला!

बी.कॉम.ची बाजूही काही एकजिनसी नाही. पुण्याच्या बी.कॉम.मध्ये विशेष विषय असतात : परिव्यय लेखांकन, बँकिंग व वित्त, विपणन, आणि चक्क व्यवसाय प्रशासनसुद्धा. म्हणजे बी.कॉम. करणारी मुलगी व्यवसाय प्रशासन हा विशेष विषय घेऊ शकते आणि बीबीए करणारी वित्त घेऊ शकते. या दोघींचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघा. कुणाला वाणिज्याची म्हणायचं आणि कुणाला व्यवस्थापनाची? पदवीच्या नावावर गेलात तर उत्तर एक येतं आणि त्यांनी प्रत्यक्ष काय शिकलं त्यावर गेलात तर दुसरं. मुंबई विद्यापीठात गेलात की बीएमएस, अकाउंटिंग अँड फायनान्सचं बीएएफ, बँकिंग अँड इन्शुरन्सचं बीबीआय अशी आणखी वेगळी वाटणी. पुण्याचा निष्कर्ष मुंबईला लावायचा तर आधी कुठला रकाना कुठल्या रकान्यासमोर ठेवायचा हेच ठरवावं लागेल.

पदवीचं नाव, तिच्यातला मजकूर आणि तिला मिळणारी मान्यता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मी राहते त्या कर्वेनगरला हे नवीन नाही. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये इथे, म्हणजे तेव्हाच्या हिंगण्याला आला आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. मातृभाषेतून शिकवायचं, बायकांच्या गरजा बघून विषय ठरवायचे, असा अभ्यासक्रमच वेगळा आखला. पदवीचं नावही वेगळं होतं, 'गृहीतागमा', थोडक्यात जी.ए. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी मिळाली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं, ते आजचं एसएनडीटी. पण त्याला वैधानिक विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ उजाडलं. मधली सगळी वर्षं 'जी.ए. म्हणजे बी.ए. का?' हा प्रश्न त्या पदवीधर बायकांसमोर असणारच. आता कल्पना करा, १९३५ साली कुणी 'बी.ए. आणि जी.ए. स्त्रियांच्या रोजगारक्षमतेचा तुलनात्मक अभ्यास' केला असता. जी.ए. झालेल्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या असं आढळलं असतं, तर तो निष्कर्ष शिक्षणाबद्दलचा की मान्यतेबद्दलचा? माझ्या आराखड्यात हा फरक करायला जागाच नव्हती.

आणि हे फक्त जुन्या काळाचं दुखणं नाही. २०२४ मध्ये आपल्या डोळ्यांसमोर असंच काहीसं घडलं.

एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद, एमबीए-एमसीएवर आधीपासून लक्ष ठेवून होती. २०२४-२५ पासून तिने बीबीए, बीएमएस, बीसीए हे पदवी अभ्यासक्रमही आपल्या मान्यतेखाली आणले. त्यापाठोपाठ महाराष्ट्रात सीईटी सेलने या अभ्यासक्रमांसाठी प्रवेश परीक्षा सुरू केली. पहिली परीक्षा मे २०२४ च्या अखेरीस झाली. राज्यात जागा एक लाखाच्या वर आणि परीक्षा दिलेले विद्यार्थी साधारण ४८ हजार. मग ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा, अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. दरम्यान अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं. मुंबईत बीएमएसचं 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' झालं, म्हणजे एआयसीटीईची मान्यता नको आणि सीईटीही नको. वर्ग तेच, शिकवणारे बरेचसे तेच, पाटी नवी.

संशोधक म्हणून हे आकडे हातात आले की काय मोह होतो? 'बीबीएकडे विद्यार्थ्यांचा ओढा घटला.' एक लाख जागा आणि ४८ हजार परीक्षार्थी, आलेख काढा, झालं. पण त्या आकड्यात निदान तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. परीक्षा पहिल्यांदाच होत होती आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो अशी समजूत घेऊन बसलेल्या मुलांपर्यंत ती पोचलीच नाही. ज्या महाविद्यालयांनी नाव बदललं, तिथे जाणाऱ्या मुलांना परीक्षेची गरजच उरली नाही. आणि काहींना खरंच बीबीए नको होतं. या तिघांपैकी फक्त शेवटच्याला 'ओढा घटला' म्हणता येईल. २०२३ आणि २०२४ च्या प्रवेशसंख्या शेजारी ठेवून फरक काढाल तर तो मुलांच्या आवडीतला फरक निघेल की पाट्यांमधला, हे त्या संख्या तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.

मी जिथे जेवते त्या मेसच्या काकूंची मुलगी त्याच वर्षी बारावी कॉमर्स झाली. काकूंनी ताट वाढता वाढता विचारलं होतं, "अगं, तू एवढी शिकतेस, सांग की हिला. बी.कॉम. घेऊ देत की ते बीबीए?" तिला बीबीए हवं होतं, मार्केटिंग आवडायचं. मी मोठ्या थाटात सल्ला दिला की बीबीए चांगलं. सीईटीबद्दल मलाच उशिरा कळलं, मला कळलं तेव्हा अर्जाची मुदत गेलेली होती. ऑगस्टच्या परीक्षेची बातमी आली तोवर तिने जवळच्या महाविद्यालयात बी.कॉम.ची फी भरलेली होती आणि काकू म्हणाल्या, "जाऊ दे आता, दोनदा पैसे कुठे अडकवायचे." आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. माझी नवी प्रश्नावली चाचणीसाठी मी तिलाच पहिल्यांदा भरायला दिली. 'हा अभ्यासक्रम का निवडलात?' या प्रश्नापाशी ती थांबली. पर्याय होते आवड, पालकांचा सल्ला, नोकरीची संधी, मित्रमैत्रिणी. म्हणाली, "ताई, ह्यात 'हाच मिळाला' असं नाहीये."

नव्हतंच. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेक प्रश्नावल्या 'निवड' हा शब्द असा वापरतात, जणू प्रत्येक मूल दुकानात शिरलं आणि फळीवरून आपल्या आवडीचा डबा उचलून बाहेर पडलं.

निवडीचा विषय निघालाच आहे तर पैशांकडे या. महाराष्ट्रात जुन्या महाविद्यालयांतल्या बी.कॉम.च्या बऱ्याच तुकड्या अनुदानित आहेत. बीबीए आणि त्याची भावंडं विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. साहजिकच फी कित्येक पटींनी वेगळी. बीबीएच्या वर्गात बसायला घरातून काही एक रक्कम निघावी लागते, आणि ज्या घरातून ती निघते त्या घरात बहुधा इंग्रजी माध्यमाची शाळा, लॅपटॉप, ओळखीपाळखी याही असतात. आता तुम्ही दोन्ही वर्गांतल्या मुलांचे पहिले पगार मोजलेत आणि बीबीएचा सरासरी पगार जास्त निघाला. तो अभ्यासक्रमाचा परिणाम की घराचा? पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात याला गोंधळक चल म्हणतात. शब्द नेटच्या तयारीत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. पण स्वतःच्या प्रश्नावलीत 'तुमची तुकडी अनुदानित की विनाअनुदानित?' हा एका ओळीचा प्रश्न मी घातला नव्हता. 'कौटुंबिक उत्पन्न' होतं, चार गटांत, आणि ते मुलं अंदाजपंचे भरतात. अनुदानाचं उत्तर मुलाला विचारायचीही गरज नाही, महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात असतं.

यातही २०२४ ने एक पदर वाढवला. त्या वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने निर्णय काढला की केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. म्हणजे अभ्यासक्रम कुठल्या नावाखाली आणि कुठल्या दारातून मिळाला यावर एखाद्या घरचा हजारो रुपयांचा हिशेब बदलू शकतो. 'प्रवेशाचा मार्ग' हा रकाना मी आता सोडूच शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, ज्यावर माझा आराखडा खऱ्या अर्थाने कोसळतो. मी 'रोजगार' मोजणार कसा होते? प्रश्न असा होता : 'पदवीनंतर सहा महिन्यांच्या आत तुम्हाला नोकरी मिळाली का? होय / नाही.'

पुण्यात बी.कॉम. करणाऱ्यांत एक मोठा गट सीए करणाऱ्यांचा असतो (हा सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट!). सकाळी महाविद्यालय, नंतर क्लास, नाहीतर एखाद्या फर्ममध्ये आर्टिकलशिप. पदवी त्यांच्यासाठी जोडीला हवी म्हणून. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. या काळात मुलगा रोज ऑफिसला जातो, ऑडिटला गावोगाव फिरतो, महिन्याला स्टायपेंड घेतो. त्याने माझ्या प्रश्नाला 'होय' म्हणायचं का 'नाही'? प्रामाणिक मुलगा 'नाही' म्हणेल, कारण ही नोकरी नव्हे, प्रशिक्षण. दुसरा 'होय' म्हणेल, कारण पैसे मिळतायत.

याने किती फरक पडतो ते बघायला एक काल्पनिक हिशेब करू. आकडे माझ्या मनचे आहेत, पण गणित खरं आहे. कागद घेऊन सोबत करा.

समजा बी.कॉम.चे १०० पदवीधर. ४० जणांना नोकरी, ३० आर्टिकलशिपला, ३० जण बाकी. बीबीएचे १००. ५५ जणांना नोकरी, १० एमबीएला गेले, ३५ बाकी.

पहिली पद्धत. नोकरी म्हणजे फक्त नोकरी. ४० विरुद्ध ५५. काय-स्क्वेअरचं मूल्य ४.५ च्या आसपास येतं. एका स्वातंत्र्यमात्रेला आणि पाच टक्के पातळीला सीमारेषा ३.८४ ची. म्हणजे फरक 'लक्षणीय'. निष्कर्ष लिहा : बीबीए पदवीधर अधिक रोजगारक्षम.

दुसरी पद्धत. जे अजून शिकतायत किंवा प्रशिक्षण घेतायत ते नोकरीच्या बाजारात उतरलेलेच नाहीत, म्हणून त्यांना बाजूला काढा. बी.कॉम.चे ७० पैकी ४०, म्हणजे ५७ टक्के. बीबीएचे ९० पैकी ५५, म्हणजे ६१ टक्के. काय-स्क्वेअर ०.२६. निष्कर्ष : दोन्हींत फरक नाही.

तिसरी पद्धत. आर्टिकलशिप म्हणजे मोबदला मिळणारं काम, ते रोजगारात धरा. बी.कॉम.चे ७०, बीबीएचे ५५. काय-स्क्वेअर ४.८. पुन्हा लक्षणीय, पण निष्कर्ष उलटा : बी.कॉम. पदवीधर अधिक रोजगारक्षम.

माणसं तीच दोनशे, फॉर्म तेच, कसोटी तीच. एका शब्दाची व्याख्या बदलली आणि निकाल होकारापासून नकारापर्यंत फिरला. माझ्या चौदा पानांत 'रोजगार' या शब्दाची व्याख्या नव्हती. 'रोजगारक्षमता' या शब्दाच्या मात्र तीन होत्या, तिन्ही परदेशी लेखकांच्या, आणि त्यातली एकही प्रश्नावलीत उतरलेली नव्हती.

घरच्या दुकानात बसणाऱ्यांचं तर मी नावच घेतलं नाही. वाणिज्य शाखेत ही मुलं कमी नसतात. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे, मुलगा जीएसटीचं काम बघतो, पगार असा घेत नाही. माझ्या फॉर्ममध्ये तो 'नाही'. महाविद्यालयाच्या प्लेसमेंटच्या आकड्यातही तो बहुधा नाही, कारण तिथे मोजतात ते कॅम्पसमधून ऑफर मिळालेले. व्यवसाय शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या यशात व्यवसाय करणारा मुलगाच मोजला जात नाही, हे मला अजूनही विचित्र वाटतं.

रोजगारक्षमतेच्या त्या दुसऱ्या भागाबद्दल थोडक्यात. मी पंचवीस विधानं घातली होती, 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत'. 'माझे संवादकौशल्य उत्तम आहे.' 'मी संघात काम करू शकतो.' बीबीएच्या मुलांना पहिल्या सत्रापासून प्रेझेंटेशनं द्यायची सवय लावतात, ती बिनधास्त 'पूर्णतः सहमत' करतात. आर्टिकलशिपला रात्री नऊपर्यंत ताळेबंद जुळवणारी मुलगी स्वतःला 'तटस्थ' देते, कारण तिने रोज आपल्यापेक्षा हुशार माणसं पाहिलेली असतात. म्हणजे मी क्षमता मोजत नव्हते, आत्मविश्वास मोजत होते. क्रोनबाक अल्फा ०.८ च्या वर आला की आपण खूश होतो. पण अल्फा एवढंच सांगतो की विधानं एकमेकांसोबत हलतायत. ती कशाबद्दल आहेत हे तो सांगत नाही.

आणि 'पुणे शहरातील'! माझे दोनशे प्रतिसाद कुठून येणार होते? माझ्या आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून. म्हणजे कर्वे रस्त्याला धरून, फार तर डेक्कनपर्यंत. एका बसच्या तिकिटात मावणारा भाग. हडपसरचं, येरवड्याचं, कोंढव्याचं महाविद्यालय त्यात कुठून येणार? सोयीचा नमुना घेणं हा गुन्हा नाही, पीएचडीला पैसे नसतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. पण मग शीर्षकात शहर लिहू नये, आणि काय-स्क्वेअरच्या शेजारी 'यावरून पुणे शहरातील पदवीधरांबद्दल असे म्हणता येते' हे वाक्य तर मुळीच लिहू नये. यादृच्छिक नमुन्याशिवाय त्या 'लक्षणीय' शब्दाला फारसं बळ राहत नाही.

माझ्या आराखड्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. काकू जो प्रश्न विचारत होत्या तोच तो, 'हिला काय घेऊ देत?' दरवर्षी निकालानंतर घरोघरी हा प्रश्न असतो आणि त्याला नीट उत्तर देणारं काम हवंच आहे. त्यामुळे 'विषय घासून गुळगुळीत झालाय, काहीतरी नवं घ्या' असं जे सर्रास सांगितलं जातं ते मला पटत नाही. प्रश्न जुना आहे, त्याला दिलेली उत्तरं कच्ची आहेत.

हे आत्ताच एवढं लांबण लावून का लिहितेय? यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्यांना थेट पीएचडीला अर्ज करता येतो, मधलं एम.कॉम. किंवा एमबीए न करता. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला नव्या धोरणाखाली पहिल्या वर्षाला बसलेली मुलं २०२७-२८ ला चौथ्या वर्षाला असतील, आणि ज्यांनी 'ऑनर्स विथ रिसर्च' घेतलं असेल त्यांना तिथे १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करायचा आहे. म्हणजे उद्याचा आराखडा एकवीस वर्षांचं मूल लिहिणार. आणि त्याच्यासमोर नमुना कुठला असेल? मार्च-एप्रिलमध्ये आमच्या इथल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभं राहिलं की काउंटरवर बाइंडिंगला आलेले प्रकल्प दिसतात. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आत शंभर प्रतिसादांचे पाय चार्ट. चार्टखाली वाक्य, 'वरील आलेखावरून असे दिसते की ६२ टक्के विद्यार्थी सहमत आहेत.' आलेखात दिसतंच आहे ते पुन्हा अक्षरांत. मीही असाच एक बांधून दिला होता आणि मला त्यात उत्तम गुण मिळाले होते. त्या गुणांमुळेच मला वाटलं की संशोधन येतं.

आता सुधारलेला आराखडा कसा दिसतो ते सांगते. अजून तो मंजूर झालेला नाही, तेव्हा आदर्श म्हणून घेऊ नका.

पदवीचं नाव मी एक रकाना म्हणून ठेवलंय, पण तुलनेचा पाया म्हणून नाही. प्रत्येक प्रतिसादकाच्या गुणपत्रिकेवरून विषय नोंदवायचे आणि लेखा-वित्ताचे श्रेयांक किती, व्यवस्थापनाचे किती, संगणकाचे किती असे मोजायचे. मग 'बीबीए विरुद्ध बी.कॉम.' याऐवजी 'कशाचं किती शिकलं' यावर बोलता येतं, आणि पाटी बदलली तरी अभ्यास मोडत नाही. अनुदानित-विनाअनुदानित आणि प्रवेशाचा मार्ग हे वेगळे रकाने. सीए, सीएस किंवा सीएमएला नोंदणी आहे का, आर्टिकलशिप चालू आहे का, हे वेगळं. रोजगाराला होय-नाही नाही. आठवड्यातले तास कशात गेले ते विचारायचं : पगारी नोकरी, प्रशिक्षण, घरचा व्यवसाय, पुढचं शिक्षण, स्पर्धा परीक्षा, घरकाम. आणि एकदाच नाही, त्याच माणसांना सहा महिन्यांनी, दीड वर्षाने आणि तीन वर्षांनी. दोनशे नाहीत, साठच. तीन महाविद्यालयं, त्यातलं एक तरी नदीपलीकडचं.

साठच्या आकड्यावर समिती अडणार हे मला दिसतंय. 'सामान्यीकरण कसं करणार?' असं विचारतील, आणि प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर एवढंच की मी टक्केवारीचा दावा करणार नाही. एखाद्या रकान्यात माणूस पोचतो कसा आणि तिथून निघतो कसा, तेवढंच दाखवीन. हे पुरेसं आहे का, याबद्दल माझं आणि माझ्या मार्गदर्शकांचं अजून एकमत नाही. त्यांना वाटतं जोडीला मोठा सर्वेक्षणाचा भाग हवाच. मला वाटतं रकाने पक्के झाल्याशिवाय मोठं सर्वेक्षण म्हणजे तीच चूक जास्त खर्चात करणं.

'हा अभ्यासक्रम का निवडलात?' हा प्रश्न मी बदललाय. आता दोन प्रश्न आहेत. बारावीच्या निकालाच्या दिवशी तुमच्या मनात कुठला अभ्यासक्रम होता? आणि प्रवेश कुठे झाला, मध्ये काय घडलं? दुसऱ्याला पर्याय नाहीत, चार रिकाम्या ओळी आहेत. काकूंच्या मुलीने चारही भरल्या आणि कागद उलटा करून मागेही लिहिलं.